विश्लेषण : नवी स्पोर्ट्स कार घेतली, बदल कोणते करावेत आणि कोणते टाळावेत?

चाकणमध्ये तयार झालेली गाडी नारायणगाव-मंचरच्या दारात येते आणि महिनाभरात तिचा सायलेन्सर, चाके, दिवे बदलायला सुरुवात होते. कायदा काय सांगतो, विमा कुठे अडतो आणि जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवर कोणता खर्च खरोखर उपयोगी पडतो?

नवी गाडी घेतली की जुन्नर तालुक्यात तिची पहिली फेरी बहुतेक वेळा ओझरच्या विघ्नहराकडे नाही तर लेण्याद्रीच्या पायथ्याशी होते. हार, नारळ, चाकाखाली लिंबू झाले की गाडी घरी येते. दुसरी फेरी अलीकडे ॲक्सेसरीच्या दुकानाकडे असते. मोठी मॅगव्हील, आवाजाचा सायलेन्सर, काळ्या काचा, पांढरेशुभ्र दिवे अशी यादी मोबाइलमध्ये तयारच असते. त्या यादीतल्या निम्म्या गोष्टी वर्षभरात काढून टाकाव्या लागतात. कधी पोलिसांच्या दंडामुळे, कधी विम्याच्या नकारामुळे, तर कधी घरातल्या आजीला गाडीत नीट बसता येत नाही म्हणून.

हा पैसा सहज आलेला नसतो. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव मिळाला. त्या हंगामात जुन्नर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने महिनाभरात दीड कोटी रुपयांहून अधिक किमतीचा टोमॅटो विकल्याची बातमी देशभर गाजली. मात्र असा हंगाम दरवर्षी येत नाही. ज्या वर्षी तो येतो, त्या वर्षी घेतलेली हौसेची गाडी पुढची आठ-दहा वर्षे सांभाळायची असते. म्हणून तिच्यात काय बदलायचे, हा प्रश्न हौसेइतकाच हिशेबाचाही आहे.

स्पोर्ट्स कार म्हणजे नेमकी कोणती?

दोन दारांची, दोन आसनांची, जमिनीला टेकलेली गाडी या भागात क्वचितच दिसते. इथे ‘स्पोर्ट्स’ म्हणून घेतली जाते ती टर्बो पेट्रोल इंजिनाची सेडान किंवा हॅचबॅक. उदाहरणार्थ, पुणे-नाशिक महामार्गावर आंबेगावच्या अलीकडेच असलेल्या चाकणमध्ये तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी. तिच्या दीड लिटर इंजिनाची ताकद १५० पीएस आणि टॉर्क २५० न्यूटन मीटर आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी एवढी ताकद आलिशान गाड्यांतच मिळायची. आज ती मुलाबाळांसह लग्नाला जाणाऱ्या गाडीत मिळते.

गोंधळाचे मूळ इथेच आहे. बदलांचे व्हिडीओ परदेशातील ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांचे असतात. इथली गाडी मात्र सकाळी शेताकडे, दुपारी बाजार समितीत, रात्री दवाखान्यात आणि रविवारी भीमाशंकरला जाते. बैलगाडा शर्यतीची परंपरा असलेल्या या पट्ट्याला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. घाटात पळणारा गाडा हलका असतो, त्यावर कोणी ओझे लादत नाही. उसाची गाडी वेगळी असते. एकाच गाडीने दोन्ही कामे करायचा प्रयत्न केला, तर शर्यतही जात नाही आणि ऊसही पोहोचत नाही.

पहिले तीन महिने काहीच का करू नये?

नव्या इंजिनाला आणि ब्रेक पॅडना रुळायला वेळ लागतो. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत पूर्ण ताकद न वापरण्याची सूचना असते. त्याहून मोठे कारण चालकाचे आहे. गाडीची सवय होण्याआधी तिच्यात काय कमी आहे, हे कळत नाही.

या काळात एक साधी वही ठेवावी. कुठल्या गतिरोधकाला गाडी खाली घासते, रात्री कोणत्या वळणावर उजेड कमी पडतो, घाट उतरताना ब्रेकचे पेडल कसे लागते, मागे बसणाऱ्यांची तक्रार काय आहे, हे त्यात लिहावे. तीन महिन्यांनी त्या नोंदी आणि मोबाइलमधली पहिली यादी शेजारी ठेवली, की त्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी आपोआप गळतात. पहिले सर्व्हिसिंगही कोणताही बदल न करता झालेले असते. त्यामुळे गाडीत मूळचाच काही दोष असेल तर तो कंपनीकडून निस्तरून घेता येतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ हा या विषयाचा पाया आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील, म्हणजे आपल्या भाषेत आरसी बुकातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. कायद्यात मान्य असलेले बदल, उदाहरणार्थ मंजूर सीएनजी किट किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी केलेली रचना, यांना वेगळी वाट आहे. मात्र त्यांचीही नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते.

गाडीचा रंग आरसीत लिहिलेला असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. लाल गाडीवर काळे मॅट रॅप चढवले, की कागदावरची आणि रस्त्यावरची गाडी वेगळी होते. जुन्नर आणि आंबेगावच्या गाड्यांची नोंदणी पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयात, एमएच १४ या क्रमांकाखाली होते. रंग बदलायचाच असेल, तर आधी तिथे अर्ज करावा आणि आरसीत नोंद करून घ्यावी. रंगाचे संरक्षण करणारी पारदर्शक फिल्म किंवा सिरॅमिक कोटिंग यांना ही अडचण येत नाही, कारण त्यांनी रंग बदलत नाही.

२०१९ च्या कायदादुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्याच्या चौथ्या पोटकलमानुसार नियमांत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. चार बेकायदा बदल असतील तर हिशेब चारदा होतो. आवाज आणि धुराचे निकष मोडले, तर कलम १९० (२) लागू होते. त्यात पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरण्याची तरतूद आहे.

काळ्या काचा, गार्ड आणि नंबरप्लेटचे काय?

काचांच्या बाबतीत नियम असा आहे : पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने काचेवर नंतर चिकटवलेल्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. पुढे काचांच्या नियमातील व्याख्या बदलली. तिचा आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, उजेडाची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मवर कारवाई करता येणार नाही, असे म्हटले. तरीही महाराष्ट्रात रस्त्यावर वाद होतोच. उन्हासाठी फिल्म हवीच असेल तर जवळजवळ पारदर्शक दिसणारी, उष्णता अडवणारी घ्यावी आणि तिचे बिल व उजेडाच्या प्रमाणाचा पुरावा गाडीत ठेवावा. रात्री बिनदिव्यांच्या रस्त्यावर काळ्या काचेतून बाजूचे काही दिसत नाही, हे कारण दंडापेक्षा मोठे आहे.

बंपरपुढच्या लोखंडी गार्डबाबत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास सांगितले. गाडीचा पुढचा भाग धडकेत ठरावीक पद्धतीने चेपला जावा, अशी त्याची रचना केलेली असते. त्या चेपण्यात धडकेची ऊर्जा जिरते आणि सेन्सरना एअरबॅग कधी उघडायची ते कळते. लोखंडी गार्ड हा हिशेब बिघडवतो. समोर पादचारी किंवा दुचाकीस्वार असेल, तर त्याच्या जिवाशी खेळ होतो तो वेगळाच.

एअरबॅगशी संबंधित आणखी एक चूक घरोघरी होते, ती सीट कव्हरची. ज्या गाड्यांत बाजूच्या एअरबॅग सीटच्या पाठीतून उघडतात, तिथे घट्ट शिवलेले साधे कव्हर त्यांना अडवू शकते. त्या जागी फाटणारी शिवण असलेले, त्याच मॉडेलसाठी केलेले कव्हर घ्यावे, नाहीतर मूळ कापडावरच समाधान मानावे.

नंबरप्लेट तर अजिबात बदलू नये. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट लावूनच मिळते. आकड्यांतून ‘दादा’ किंवा ‘राजे’ वाचता यावे म्हणून केलेली कसरत थेट दंडाला निमंत्रण देते. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नलाही नियमात जागा नाही.

टायरवर आधी खर्च का करावा?

गाडीचा रस्त्याशी संबंध फक्त चार ठिकाणी येतो आणि त्यातली प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते. इंजिनाची ताकद, ब्रेकची पकड, स्टिअरिंगचे वळण हे सगळे तेवढ्याच रबरातून रस्त्यावर उतरते. त्यामुळे एकाच बदलाचा पैसा हातात असेल, तर तो चांगल्या टायरवर खर्च करावा.

मोठी मॅगव्हील बसवताना साधा हिशेब मांडता येतो. व्हर्टस जीटीचा टायर २०५/५५ आर १६ मापाचा आहे. २०५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ५५ म्हणजे रुंदीच्या ५५ टक्के उंचीची बाजूची भिंत आणि १६ म्हणजे इंचांत रिमचा व्यास. या चाकाचा एकूण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २२५/४५ आर १७ घेतला, तर व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर होतो. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, म्हणजे स्पीडोमीटर, एबीएस आणि स्थैर्य नियंत्रण यंत्रणेची मापे जवळपास तशीच राहतात. पण कोणी ‘भरीव दिसतो’ म्हणून २१५/५५ आर १७ बसवला, तर व्यास ६६८ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळपास सहा टक्के जास्त. काट्यावर शंभर दिसत असताना गाडी त्याहून बरीच वेगात असू शकते. वळताना टायर मडगार्डला घासण्याची शक्यता वेगळीच.

योग्य मापाच्या बदलातही किंमत मोजावी लागते. १६ वरून १७ इंचांवर जाताना टायरची बाजूची भिंत ११३ वरून १०१ मिलिमीटरवर येते. खड्ड्याचा दणका शोषणारे १२ मिलिमीटर रबर कमी होते. पावसाळ्यानंतर आतल्या रस्त्यांवर, पाटाच्या मोऱ्यांवर रिम वाकण्याच्या घटना यातूनच होतात. म्हणून या भागात मूळ मापाचे, पण चांगल्या दर्जाचे आणि ओल्या रस्त्यावर पकड देणारे टायर हा सर्वांत शहाणपणाचा बदल आहे. रिम मोठे घ्यायचेच असेल, तर त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनीने दिलेले माप घ्यावे. टायरवरील भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे नसावे.

ब्रेक वाढवावेत की इंजिन?

वेग वाढतो तशी गाडीतली ऊर्जा वर्गाने वाढते. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेले तर वेग २५ टक्क्यांनी वाढतो, पण ब्रेकने जिरवायची ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते. ही ऊर्जा उष्णता होऊन डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइलमध्ये जाते. माळशेज उतरताना किंवा भीमाशंकरहून डिंभ्याकडे येताना ती सतत साठत राहते.

इथे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित बदल म्हणजे ब्रेक ऑइल. ‘डॉट ४’ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ते हवेतली ओल शोषून घेते आणि ओल शिरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत बुडबुडे होतात आणि पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे, घाटात खालच्या गिअरवर उतरणे आणि गरज वाटलीच तर चांगल्या दर्जाचे पॅड घालणे, एवढ्याने बहुतेकांचे काम भागते. रंगवलेली लाल कॅलिपरची टोपी गाडी थांबवत नाही.

गाडी खाली बसवली तर काय होते?

कमी उंचीच्या स्प्रिंगमुळे गाडी वळणावर कमी झुकते आणि दिसायलाही छान दिसते. आता इथल्या रस्त्याचा हिशेब करू. समजा, गाडीची मोकळी उंची १४५ मिलिमीटर आहे. स्प्रिंगने ती ३० मिलिमीटर खाली आली, की ११५ उरतात. चार माणसे आणि सामान बसले, की आणखी २०-२५ मिलिमीटर जातात. हातात उरतात ९० मिलिमीटर.

भारतीय रोड काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची १०० मिलिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असते. एवढा रुंद गतिरोधक गाडी हळूहळू चढून उतरते. गावातले गतिरोधक मात्र बहुधा मानकातले नसतात. शाळेपुढे, मंदिरापुढे, वस्तीच्या तोंडाशी अरुंद आणि उभा उंचवटा केलेला असतो. पुढची चाके पलीकडे आणि मागची अलीकडे असताना गाडीचे पोट त्यावर टेकते. तिथे इंजिन ऑइलचा चेंबर फुटला, तर हौसेचा खर्च काही पटींनी वाढतो. शॉकॲब्सॉर्बर मूळचेच ठेवून फक्त स्प्रिंग बदलल्या, तर शॉकही लवकर जातात. जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्याने गाडी खाली बसवू नये, हे इथले सरळ उत्तर आहे.

रीमॅप केल्यास गाडी खरेच पळते?

हो, पळते. टर्बो इंजिनात संगणकाचे, म्हणजे ईसीयूचे गणित बदलून हवेचा दाब, इंधन आणि ठिणगीची वेळ वाढवता येते. नवीन काही बसवावे लागत नाही, तासाभरात काम होते आणि फरक पहिल्याच दाबाला जाणवतो. म्हणूनच हा बदल सर्वांत मोहात पाडतो.

पण इंजिन एकटे नसते. त्याच्यामागे क्लच, गिअरबॉक्स, ॲक्सल असतात आणि प्रत्येकाची मर्यादा ठरलेली असते. व्हर्टस जीटीच्या सात गतींच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सची कमाल टॉर्क मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे आणि इंजिनही मूळ स्थितीतच २५० देते. म्हणजे वाढीला जागा कागदावर शिल्लकच नाही. त्यावर आणखी टॉर्क घातला, तर तो क्लचच्या आयुष्यातून वजा होतो. शिवाय ज्या दर्जाच्या पेट्रोलवर रीमॅप केला, तेच पेट्रोल रोज मिळायला हवे. ते न मिळाल्यास इंजिनात अकाली स्फोट होऊ नये म्हणून ईसीयू स्वतःच ताकद कमी करतो. घेतलेले पैसे तिथेच विरतात.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या बीएस ६ च्या दुसऱ्या टप्प्यात धुरावर गाडीतच देखरेख असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की डॅशबोर्डवर दिवा लागतो, तो दाबून ठेवण्यासाठी पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करावा लागतो. एक चूक लपवायला दुसरी करायची, असा हा प्रकार. परवानगीचा प्रश्न तर आधीच उभा असतो.

सायलेन्सरचा आवाज कुणासाठी?

नव्या मोटारीसाठी धावतानाच्या आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नसते. दहा डेसिबल वाढले, की ध्वनीची तीव्रता दहापट होते. त्यामुळे ‘थोडासाच आवाज वाढवला’ असे काही नसते. पुणे-नाशिक महामार्गावर तो आवाज वाऱ्यात जातो, पण रात्री अकराला गावच्या वेशीतून आत येताना तो प्रत्येक घरात शिरतो. अभ्यासाला बसलेले मूल, आजारी म्हातारे माणूस, गोठ्यातली जनावरे यांना त्याची किंमत मोजावी लागते. पहिले पंधरा दिवस मित्र कौतुक करतात. नंतर घरचेच लोक गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून चालत यायला सांगतात.

रात्रीच्या रस्त्यासाठी दिवे बदलावेत का?

ही गरज खरी आहे. ऊस गाळपाच्या हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा परावर्तक नसतो. उसाच्या फडातून बिबट्या अचानक रस्ता ओलांडतो, माळशेजला पावसाळ्यात धुके उतरते.

पण उपाय बहुतेकदा चुकीचा निवडला जातो. हॅलोजन बल्बसाठी केलेल्या परावर्तकात स्वस्त एलईडी बल्ब बसवला, तर प्रकाशाचा उगम ठरलेल्या जागी राहत नाही. उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालकाला जवळचे लख्ख दिसते, म्हणून दिवा भारी वाटतो, पण लांबचे कमी दिसते. नेहमीचा एच ४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्याजागी शंभर वॅटचा लावून मूळ वायरिंग तसेच ठेवले, तर वायर आणि होल्डर वितळू शकतात.

आधी काच स्वच्छ करावी, दिव्यांची उंची यंत्रावर तपासून घ्यावी, चांगल्या कंपनीचे मूळ वॅटचे बल्ब घ्यावेत. कंपनीच्याच वरच्या प्रकारातील एलईडी दिवा बसत असेल, तर तो अधिकृत केंद्रातून बसवावा. धुक्यासाठी खाली बसवलेले, खाली झुकलेले फॉग लॅम्प उपयोगी पडतात. समोरून वाहन आले की डिपर देणे हा मात्र फुकटचा आणि सर्वांत चांगला बदल आहे.

विमा आणि वॉरंटी कुठे अडते?

विमा कंपनी ज्या गाडीचा हप्ता घेते, ती कागदावरची गाडी असते. अपघातानंतर सर्व्हेअर जी पाहतो, ती रस्त्यावरची. दोन्हींत फरक असेल, तर दाव्यात वाद होतो, रक्कम कापली जाते किंवा दावा नाकारला जाऊ शकतो. किंमत वाढवणारी कोणतीही वस्तू बसवली, की पॉलिसीत तिची नोंद करून घ्यावी. मूळ किमतीत न धरलेल्या विद्युत उपकरणांसाठी वेगळी जोड पॉलिसीत घेता येते. थोडा हप्ता वाढतो, पण म्युझिक सिस्टिम चोरीला गेली तर निदान मागायला जागा राहते. बेकायदा बदलाला मात्र हप्ता भरून संरक्षण मिळत नाही.

वॉरंटीत सर्वांत जास्त वाद वायरिंगवरून होतात. डॅशकॅम, कॅमेरा, ॲम्प्लिफायर बसवताना वायर कापून जोड दिला, की पुढच्या प्रत्येक विजेच्या बिघाडाचे बोट तिकडे जाते. दुकानदाराला आधीच बजावावे : एकही वायर कापायची नाही, कपलर वापरायचा, फ्यूज स्वतंत्र द्यायचा आणि पक्के बिल द्यायचे. बिल द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडे काम देऊ नये.

मग क्रम कसा लावावा?

कोणताही बदल करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. तो कागदावर बसतो का? नाही बसला तर परत मूळ स्थितीत आणता येतो का? आणि आपण रोज ज्या रस्त्यावर चालवतो, तिथे त्याचा उपयोग काय?

या कसोटीवर यादी आपोआप लागते. पहिल्या वर्षी पारदर्शक रंगसंरक्षण, डॅशकॅम, चांगले मॅट, दिव्यांची जुळवणी. मूळ टायर झिजले की त्याच मापाचे उत्तम टायर, सोबत ब्रेक ऑइल आणि पॅड. वॉरंटी संपल्यावर आणि तोपर्यंत हौस टिकली, तर नियमात बसणाऱ्या बाकीच्या गोष्टींचा विचार. काढलेला प्रत्येक मूळ भाग गुंडाळून, नाव लिहून कांद्याच्या बराखीत किंवा माळ्यावर, उंदरांपासून दूर ठेवावा. गाडी विकताना गिऱ्हाईक मूळ स्थितीतली गाडी मागते. बदलांवर घातलेले पैसे त्या दिवशी कोणी परत देत नाही.

एक बदल मात्र या यादीत कोणी लिहीत नाही, तो म्हणजे चालकाचा. वेगाची हौस भागवायला कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे, कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मोठा ट्रॅक आहे. तिथे हेल्मेट घालून, प्रशिक्षकासमोर एक दिवस घालवला, तर ब्रेक कधी आणि किती दाबायचा, वळणावर नजर कुठे ठेवायची हे कळते. ते शिक्षण पुढच्या प्रत्येक गाडीत सोबत येते, त्याला आरसीत नोंद लागत नाही आणि विमा कंपनीही त्यावर आक्षेप घेत नाही.

गाडी ही शेवटी घराची असते. टोमॅटोच्या चांगल्या हंगामात आलेली ती गाडी वाईट हंगामातही दारात उभी राहायला हवी, रात्री दोनला कुणाला घेऊन मंचरला दवाखान्यात जाता यायला हवे आणि पाच वर्षांनी विकताना मान खाली घालावी लागू नये. जो बदल या तिन्ही वेळी आड येत नाही, तो खुशाल करावा. बाकीचे मोबाइलमधल्या व्हिडीओतच शोभतात.